सव्वानऊ डॉलरची लाइफलाइन: अमेरिकेत फोन-इंटरनेटची सरकारी सवलत कशी मिळवायची

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांना फोनच्या किंवा इंटरनेटच्या बिलात महिन्याला सव्वानऊ डॉलरपर्यंत सूट मिळते. योजनेचं नाव लाइफलाइन. १९८५ पासून ती चालू आहे. आपल्या मंडळींत तिच्याबद्दल दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, "ते आपल्यासाठी नसतं." दुसरं, "अरे फुकट फोन देतायत, घेऊन टाक." पहिल्यामुळे हक्काची सूट जाते. दुसऱ्यामुळे माणूस नको तिथे सही करून बसतो.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दिसणारी सगळीच घरं सॉफ्टवेअरच्या पगारावर चालत नाहीत. दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहून निवृत्त झालेले काका आहेत, सीनियर हाउसिंगमध्ये राहणारी जोडपी आहेत, नोकरी गेलेली घरं आहेत, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायका आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांचे अर्ज भरून देणाऱ्या मुला-भाच्यांसाठी.

आधी एक गोंधळ मिटवू

बऱ्याच जणांना इंटरनेटसाठी महिन्याला ३० डॉलर मिळायचे ते आठवतं. ती एसीपी नावाची वेगळी योजना होती. कोविडच्या काळातल्या तात्पुरत्या मदतीच्या जागी ती आली आणि दोन कोटी तीस लाखांहून जास्त घरं तिच्यात होती. पैसे संपले. ७ फेब्रुवारी २०२४ नंतर नवे अर्ज बंद झाले आणि १ जून २०२४ पासून योजनाच बंद झाली. आज कोणी "एसीपी पुन्हा चालू करून देतो" म्हणत फोन केला, तर तो फोन ठेवून द्या.

लाइफलाइन अजून आहे, कारण तिचा पैसा वेगळ्या ठिकाणाहून येतो. फोनच्या बिलावर 'युनिव्हर्सल सर्व्हिस' अशी एक ओळ असते. ती आकारणी एका निधीत जमते आणि त्यातून ही सूट दिली जाते. तो निधीच घटनाबाह्य आहे, असा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निधी कायम ठेवला. म्हणजे ज्या घरांनी वर्षानुवर्षं फोनची बिलं भरली, त्यांनी या योजनेत आधीच पैसे घातले आहेत. सूट मागताना मान खाली घालण्याचं कारण नाही.

किती मिळतं

इंटरनेट किंवा फोन-इंटरनेट एकत्र असेल तर महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत. नुसत्या फोनसाठी ५.२५. आदिवासी जमातींच्या भूमीवर राहणाऱ्यांना ३४.२५ पर्यंत. सूट एकाच सेवेवर घेता येते: मोबाइल किंवा घरचं इंटरनेट, दोन्हींवर नाही. पैसे हातात येत नाहीत, कंपनी बिलातून वजा करते. काही मोबाइल कंपन्या या रकमेत बसणारा प्लॅनच देतात, त्यामुळे ग्राहकाला बिल शून्य येतं. 'फुकट फोन' म्हणतात तो हाच. मात्र सरकार पैसे देतं ते सेवेचे, हँडसेटचे नाहीत. हँडसेट कंपनीच्या मर्जीने मिळतो आणि तो बहुधा यथातथाच असतो.

कोण पात्र

आत जायला दोन दारं आहेत आणि एक उघडलं तरी पुरतं.

पहिलं दार उत्पन्नाचं. घरातल्या सगळ्यांचं मिळून उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे ही मर्यादा एकट्या माणसाला वर्षाला साधारण २१,१२८ डॉलर, दोघांना २८,५५३, तिघांना ३५,९७८ आणि चौघांना ४३,४०३ होती. अलास्का आणि हवाईत ती जास्त आहे. दरवर्षीच्या सुरुवातीला नवे आकडे येतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षाचा तक्ता पाहा. समजा सीनियर हाउसिंगमधल्या एका जोडप्याला सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे, महिन्याला १,९०० डॉलर येतात. वर्षाचे झाले २२,८००. हे जोडपं आरामात बसतं. पण यात भारतातली पेन्शन, मुदत ठेवीचं व्याज, डोंबिवलीच्या फ्लॅटचं भाडं हेही धरायचं असतं. "ते तिकडचं आहे" ही सबब इथे चालत नाही. अर्जावरची सही खोटं बोलल्यास शिक्षा होईल या अटीवर असते.

दुसरं दार सरकारी मदतीचं. मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा), स्नॅप म्हणजे फूड स्टॅम्प, एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वृद्ध-अपंगांची रोख मदत), केंद्राची घरभाडे मदत (सेक्शन ८ सकट) किंवा माजी सैनिकांची पेन्शन, यांपैकी काहीही चालू असेल तर उत्पन्नाचे कागद दाखवावे लागत नाहीत. मेडिकेडला प्रत्येक राज्यात वेगळं नाव आहे. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ. कार्डावर 'मेडिकेड' हा शब्द दिसला नाही म्हणून अर्ज सोडू नका. उलट मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, चालत नाही. ते बहुधा वयामुळे मिळतं, उत्पन्नामुळे नाही. मार्केटप्लेस या सरकारी विमा-बाजारातून सबसिडीने घेतलेला विमाही चालत नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मदत अर्जदाराच्याच नावावर असायला हवी असं नाही, त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलाच्या नावावर असली तरी चालते. इथे जन्मलेल्या बाळाला मेडिकेड असेल, तर त्या आधारावर आई किंवा बाप लाइफलाइनसाठी अर्ज करू शकतो.

घर म्हणजे कोण?

फॉर्म उघडण्याआधी हे ठरवा. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

सूट एका माणसाला नाही, एका घराला मिळते. घर म्हणजे एका छपराखाली राहून कमाई आणि खर्च एकत्र करणारी माणसं. गावाकडे रेशनकार्ड वेगळं काढताना "चूल वेगळी आहे का?" असं विचारायचे, तसाच हा प्रश्न आहे, फक्त इथे चुलीऐवजी पैशाची पिशवी पाहतात. एकत्र राहणारे नवरा-बायको नेहमी एकच घर.

आता आपली नेहमीची परिस्थिती घेऊ. आई-बाबा ग्रीन कार्डावर मुलाकडे राहतात. मुलगा नोकरी करतो, घरखर्च तोच चालवतो. उत्पन्नाच्या दारातून गेलात तर मुलगा-सुनेचा पगारही मोजावा लागतो आणि ते दार बंद होतं. "आईला तर काहीच उत्पन्न नाही" म्हणून शून्य लिहिणं चूक आहे. पण आईला स्वतःच्या नावाने मेडिकेड किंवा एसएसआय मिळत असेल, तर दुसरं दार उघडं आहे. त्या दारात मुलाच्या पगाराचे कागद मागत नाहीत. त्या घरात आणखी कोणाची लाइफलाइन नाही ना, एवढंच पाहतात. (ग्रीन कार्ड मिळाल्यावर बहुतेक प्रौढांना पहिली पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही. काही राज्यं स्वतःच्या पैशातून देतात. त्यामुळे नुकत्याच आलेल्यांना दुसरं दारही बऱ्याचदा बंद असतं.)

आई-बाबा वेगळ्या अपार्टमेंटमध्ये, सीनियर हाउसिंगमध्ये राहत असतील आणि खर्च त्यांचा ते पाहत असतील, तर त्यांचं घर वेगळं. मुलगा त्याच शहरात कितीही कमावत असला तरी. अशा इमारतीत शेजारच्या खोलीतल्या आजींकडे लाइफलाइन आहे म्हणून तुमचा अर्ज अडता कामा नये, पण पत्ता एकच असल्यामुळे संगणक कधी कधी अडवतो. त्यासाठी 'हाउसहोल्ड वर्कशीट' नावाचा फॉर्म ५६३१ आहे. पत्त्यावर दुसरं कोणी प्रौढ राहतं का, त्यांच्याकडे लाइफलाइन आहे का, तुम्ही पैसा एकत्र करता का, असे दोन-चार प्रश्न त्यात असतात. एका अपार्टमेंटमध्ये राहणारे, पण आपापल्या पैशावर जगणारे रूममेटही याच फॉर्मने वेगळी घरं ठरतात.

व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांसाठी ही योजना नाही. त्यांना स्वस्तातलं प्रीपेड सिम घेऊन द्या. एफ-१ विद्यार्थ्यांनी या वाटेला जाण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. व्हिसा घेताना "माझ्याकडे पुरेसे पैसे आहेत" असं लिहून दिलेलं असतं.

इमिग्रेशनचा प्रश्न ओघाने येतोच. लाइफलाइन ही रोख मदत नाही. अर्जदार सरकारवर बोजा ठरेल का हे पाहणाऱ्या २०२२ च्या 'पब्लिक चार्ज' नियमात उत्पन्नासाठीची रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं, एवढंच मोजायचं ठरलं होतं. पण या विषयावरचे नियम सरकारागणिक हलतात. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून चालू आहे, त्यांनी सव्वानऊ डॉलरसाठी धोका न पत्करता आधी वकिलाशी बोलावं.

कागद जमवताना

उत्पन्नासाठी मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न सगळ्यात सोपा. तो नसेल तर सोशल सिक्युरिटीचं वार्षिक पत्र किंवा सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. मदतीसाठी मंजुरीचं पत्र. ते गेल्या बारा महिन्यांतलं हवं किंवा त्यावर पुढची मुदत लिहिलेली हवी. नुसत्या कार्डाच्या फोटोवर भिस्त ठेवू नका. पत्रावर नाव, योजनेचं नाव आणि तारीख स्पष्ट दिसायला हवी.

ओळखीसाठी जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, आणि आपले अर्ज अडकतात ते इथे. संगणक ही माहिती सरकारी नोंदींशी ताडून पाहतो आणि आपल्या नावांची तऱ्हा तर ठाऊकच आहे. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. सोशल सिक्युरिटी कार्डावर नवऱ्याचं नाव मधलं म्हणून. मेडिकेडच्या पत्रावर ते गाळलेलं. बँकेत माहेरचं आडनाव. काही कार्डांवर नावाला 'बाई' किंवा 'राव' चिकटलेला. नियम एकच: सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे अक्षरशः तसंच फॉर्मवर लिहा, तुम्हाला ते कितीही विचित्र वाटलं तरी.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख टाकलेली माणसं कमी नाहीत. घरात वाढदिवस नारळी पौर्णिमेला होत असला, तरी फॉर्मवर कागदावरचीच तारीख लिहा. शिवाय इथे महिना आधी आणि दिवस नंतर. ५ ऑगस्ट आणि ८ मे यांची अदलाबदल झाली की अर्ज परत.

पत्त्यात अपार्टमेंट क्रमांक त्याच्या वेगळ्या चौकटीत लिहा. पोस्ट बॉक्स राहण्याचा पत्ता म्हणून चालत नाही, टपालासाठी चालतो.

अर्ज

तुम्ही कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा ऑरेगॉनमध्ये राहत असाल तर आधी राज्याच्या युटिलिटी आयोगाच्या संकेतस्थळावर जा. या राज्यांनी वर्षानुवर्षं आपापली पद्धत ठेवली होती. कॅलिफोर्नियात राज्य स्वतःचीही भर घालतं, त्यामुळे तिथला फायदा मोठा असतो.

बाकी सगळीकडे काम 'नॅशनल व्हेरिफायर' नावाच्या केंद्रीय यंत्रणेतून होतं. लाइफलाइनसपोर्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून तिथे जाता येतं. ऑनलाइन केलात आणि मेडिकेडसारखी नोंद यंत्रणेला आपोआप सापडली, तर उत्तर काही मिनिटांत मिळतं. सापडली नाही तर कागदांचे फोटो चढवायला सांगतात. फोटो चारही कोपरे दिसतील असा, सावली न पाडता काढा. ऑनलाइन जमत नसेल तर फॉर्म ५६२९ छापून टपालाने पाठवता येतो. मदतीचा नंबर १-८००-२३४-९४७३. अर्जाला फी नाही. कोणीही, कुठल्याही टप्प्यावर पैसे मागितले तर तिथेच थांबा.

तिसरा मार्गही आहे: किराणा दुकानाबाहेर किंवा सरकारी कार्यालयाजवळ टेबल मांडून बसलेले कंपनीचे एजंट टॅबलेटवर अर्ज भरून देतात. कायद्याने ते चालतं. मला मात्र हा मार्ग आवडत नाही. आई-बाबांचा सोशल सिक्युरिटी नंबर अनोळखी माणसाच्या टॅबलेटवर जातो, प्लॅनची तुलना होत नाही आणि आधीच कुठे सूट चालू असेल तर ती नकळत नव्या कंपनीकडे वळते. या क्षेत्रात गैरव्यवहार झालेले आहेत. क्यू लिंक वायरलेस ही मोठी लाइफलाइन कंपनी आणि तिचा प्रमुख यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारला फसवल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, आणि रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर होती. म्हणून आधी घरी बसून पात्रता मंजूर करून घ्या, मग कंपनी निवडा.

कंपनी निवडताना

मंजुरी मिळाल्यावर कंपनी गाठायला ९० दिवस असतात. त्या मुदतीत नोंदणी केली नाही तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. संकेतस्थळावर 'कंपनीज नियर मी' मध्ये झिप कोड घातला की यादी येते. टी-मोबाइलची अशुरन्स वायरलेस आणि व्हेरायझनकडे गेलेली सेफलिंक ही बऱ्याच राज्यांत दिसणारी नावं.

कंपनीला विचारायचे प्रश्न साधे आहेत. महिन्याला किती डेटा? मोबाइलसाठी नियमाने ठरलेलं किमान प्रमाण गेली काही वर्षं ४.५ जीबीवर थांबलेलं आहे. नातवाशी रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या आजीला ते पुरत नाही, वाय-फाय लागतंच. मग विचारा, घराच्या आत रेंज येते का? हे यादीवरून कळत नाही, त्याच इमारतीतल्या शेजाऱ्याला विचारा. माझा फोन चालेल का? भारतात फोन लागतो का? बहुतेक प्लॅनमध्ये लागत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप डेटावर चालतं, त्यामुळे फारसं अडत नाही.

ज्यांना भारतातल्या बँकेचा ओटीपी लागतो, त्यांनी भारतीय सिम बंद करू नये. दोन सिमचा फोन असेल तर उत्तम. कंपनीचा फुकट हँडसेट बहुधा लॉक केलेला असतो, त्यात दुसरं सिम चालत नाही.

घरी आधीच चांगलं इंटरनेट घेत असाल तर सूट मोबाइलऐवजी तिथे लावणं कधी कधी जास्त शहाणपणाचं ठरतं. सध्याची कंपनी लाइफलाइनमध्ये आहे का, एवढं पाहा. न्यूयॉर्क राज्यात राहत असाल तर तिथला कायदाही विचारात घ्या. जानेवारी २०२५ पासून मोठ्या कंपन्यांना कमी उत्पन्नाच्या घरांना २५ एमबीपीएस १५ डॉलरला किंवा २०० एमबीपीएस २० डॉलरला द्यावं लागतं. स्नॅप, मेडिकेड किंवा शाळेतलं सवलतीचं जेवण असलं की पात्रता येते. ग्राहकसेवेतला माणूस आपणहून सांगेलच असं नाही, 'अफोर्डेबल ब्रॉडबँड अ‍ॅक्ट' हे नाव घेऊन विचारा.

मिळालेली सूट टिकवणं

मिळवण्यापेक्षा हे अवघड आहे, विशेषतः ज्यांचा एक पाय भारतात असतो त्यांना.

बिल शून्य असलेल्या प्लॅनमध्ये ३० दिवसांत एकदा तरी फोन वापरावा लागतो. नाही वापरला तर १५ दिवसांची नोटीस येते आणि मग सेवा बंद. आई-बाबा दिवाळीला गेले, लग्नसराई आटपून फेब्रुवारीत परतले, की फोन मेलेला असतो आणि नंबरही गेलेला असतो. त्याच नंबरवर इथल्या बँकेचे आणि डॉक्टरचे मेसेज येत असतील तर पंचाईत. लांब जायचं असेल तर निघण्याआधी सूट सोडून नंबर एखाद्या स्वस्त प्रीपेड प्लॅनवर हलवा आणि परतल्यावर नव्याने अर्ज करा. फोन इथे ठेवून मुलाने त्यावरून महिन्यातून एकदा कॉल करणं हा उपाय लोक सुचवतात. सूट अर्जदाराच्या वापरासाठी आहे, त्यामुळे मी तो सुचवणार नाही.

दरवर्षी फेरतपासणी होते. यंत्रणेला नोंद आपोआप सापडली तर तुम्हाला काही करावं लागत नाही. नाही सापडली तर पत्र किंवा मेसेज येतो आणि उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात. ही पत्रं दिसायला अगदी जाहिरातीसारखी असतात आणि थेट कचऱ्यात जातात. लाकडी मांडणीवर देवाच्या फोटोमागे साठणाऱ्या टपालात 'लाइफलाइन' किंवा 'यूसॅक' (ही योजना चालवणारी संस्था) असं लिहिलेलं पाकीट दिसलं की उघडाच. पत्ता बदलला तर ३० दिवसांच्या आत कंपनीला कळवा. उत्पन्न वाढलं, मेडिकेड बंद झालं तरीही तीच मुदत.

कंपनी आवडली नाही तर सूट घेऊन दुसरीकडे जाता येतं. नवी कंपनी तुमची संमती घेऊन ती वळवते. जुनी चालू ठेवून दुसरीकडे नवी काढायची नाही. एका घरात दोन सापडल्या तर सूट जाते, दंडही होऊ शकतो.

घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी

नवऱ्याच्या 'फॅमिली प्लॅन'वर फोन असलेली बाई घराबाहेर पडली, तरी तिचे कॉल आणि बिल त्याच्या हातात राहतात. २०२२ च्या सेफ कनेक्शन्स कायद्याने यावर उपाय दिला. हिंसाचाराचा पुरावा देऊन मागणी केली की कंपनीने दोन कामकाजाच्या दिवसांत तिची लाइन वेगळी करायची, आणि त्यासाठी दंड किंवा फी घ्यायची नाही. पुरावा म्हणजे पोलीस अहवालच हवा असं नाही, समुपदेशक किंवा आश्रयगृहाचं पत्रही चालतं. लाइन वेगळी मागितल्यावर पैशाची अडचण असेल तर सहा महिने तातडीची लाइफलाइन मिळते आणि तिची उत्पन्न मर्यादा १३५ नव्हे, २०० टक्के आहे. न्यू जर्सीतली मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसोबत काम करते. अर्ज भरताना एकटीने झगडण्यापेक्षा अशा संस्थेची मदत घ्या. अर्जावर संपर्कासाठी नवऱ्याला माहीत नसलेला ईमेल द्या, आणि तो त्याच्या कधीच हाती न लागलेल्या फोनवर किंवा लायब्ररीच्या संगणकावर उघडा.

अडलं तर

नकार आला तर कारण वाचा. बहुतेक वेळा ते नाव, तारीख किंवा पत्त्याचं असतं आणि योग्य कागद चढवला की सुटतं. नवा अर्ज भरण्याआधी जुनाच दुरुस्त करता येतो का ते पाहा, दोन अर्ज चालू असले की यंत्रणा आणखी गोंधळते. कंपनी सूट लावत नसेल, न विचारता प्लॅन बदलत असेल किंवा दुसरीकडे जाऊ देत नसेल, तर एफसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार आयोगाकडे, तक्रार करा. ऑनलाइन होते, फोनवर १-८८८-२२५-५३२२ ला होते, आणि फी लागत नाही. एफसीसी ती कंपनीला पाठवते आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत बिलाची तारीख, कोणाशी कधी बोललात आणि तुम्हाला नेमकं काय हवं, एवढंच लिहा.